केनियातल्या खेड्यातल्या मुलांचं शाळेनंतरचं शिक्षण : पैसे नेमके कुठे घालायचे?

गोदाकाठ (धागालेखक)

मंडळी, आम्ही दहा जण आहोत. सहा ठाणे-नाशकात, चार नोकरीनिमित्त नैरोबीत. वर्षाला चार लाख रुपये नक्की निघतील, निदान पाच वर्षं तरी. त्यातून किटुई काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) खेड्यांतल्या मुलामुलींचं शाळेनंतरचं शिक्षण करायचं आहे. सध्याचा बेत साधा आहे: दोन हुशार मुलं निवडायची, इंजिनिअरिंगला घालायची आणि शेवटपर्यंत सगळी फी आपण भरायची.

हे बरोबर आहे का? भारतातून पैसे पाठवायला काय करावं लागतं? पैसे मुलाला द्यावेत, आईबापांना की कॉलेजला? तिथली व्यवस्था माहीत असलेल्यांनी सविस्तर लिहावं. "चांगला उपक्रम, शुभेच्छा" नकोत, हिशेब हवा आहे.

---

रिफ्टखोरे

हिशेब हवाय तर आधी तिथली रचना समजून घ्या. नाहीतर सरकार जे भरणारच आहे तेच तुम्ही भरत बसाल.

फॉर्म फोरच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, अखेरीस, नोव्हेंबरच्या आसपास, केसीएसई ही शालान्त परीक्षा होते आणि जानेवारीत निकाल लागतो. ए पासून ई पर्यंत बारा श्रेणी. सी प्लस किंवा वर असेल तर पदवी. सी मायनस असेल तर डिप्लोमा. डी प्लेनवर क्राफ्ट सर्टिफिकेट, आणि त्याखाली आर्टिसन कोर्स. म्हणजे कुणालाच दार पूर्ण बंद नाही, पण देणगीदार नेहमी पहिल्या दारापाशीच गर्दी करतात. प्रवेश केयूसीसीपीएस या केंद्रीय संस्थेमार्फत ऑनलाइन होतो, अर्जाला १,५०० शिलिंग.

पदवीचा पैसा २०२३ पासून नव्या पद्धतीने येतो. घरच्या परिस्थितीची ऑनलाइन चाचणी होते आणि मुलगा पाचपैकी एका बँडमध्ये बसतो. बँड एक म्हणजे घरचं मासिक उत्पन्न ५,९९५ शिलिंगांपर्यंत. त्याला कोर्सच्या खर्चाच्या ७० टक्के शिष्यवृत्ती, २५ टक्के कर्ज, घरचा वाटा ५ टक्के. बँड दोनला ६०, ३० आणि १०. बँड तीनला ५०, ३० आणि २०. पाचव्याला ३०, ३० आणि ४०. शिवाय राहण्या-खाण्यासाठी वेगळं कर्ज: बँड एकला वर्षाला ६०,०००, मग दर बँडला पाच हजारांनी कमी.

समजा कोर्सचा वार्षिक खर्च २,००,००० शिलिंग आहे. बँड एकमधल्या मुलाला १,४०,००० शिष्यवृत्ती, ५०,००० कर्ज आणि घरून फक्त १०,०००. तुम्ही पूर्ण दोन लाख भरलेत तर त्यातले १,४०,००० तुम्ही कुणाला दिले? केनिया सरकारला.

ही पद्धत कोर्टात गेली, डिसेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने घटनाबाह्य ठरवली, मग अपील झालं. त्यामुळे टक्के पाठ करू नका. ज्या वर्षी पैसे भराल त्या वर्षीचं त्या मुलाचं वाटणीपत्र मागा. त्यावर तिन्ही आकडे असतात.

---

कडुलिंब

रिफ्टखोरे यांच्या हिशेबात एक भर. कर्ज म्हणजे हेल्ब, हायर एज्युकेशन लोन्स बोर्ड, १९९५ पासूनची संस्था. पदवीला व्याज ४ टक्के आणि शिक्षण संपल्यावर वर्षभराने फेड सुरू. वरच्याच उदाहरणात फीचे ५०,००० अधिक राहण्याचे ६०,०००, गुणिले चार वर्षं: ४,४०,००० शिलिंगांचं मुद्दल डोक्यावर घेऊन मूल बाहेर पडतं. बँड एकला "जवळजवळ फुकट" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

अर्जात फक्त शिष्यवृत्ती, फक्त कर्ज किंवा दोन्ही असं निवडता येतं. म्हणजे फीच्या कर्जाऐवजी तेवढीच रक्कम गटाने भरली तर मुलाचं कर्ज निम्म्याच्या आसपास येतं. पण पाच वर्षांनंतरही तुम्ही टिकणार याची खात्री असेल तरच. अर्ध्या वाटेत गट फुटला आणि मुलाने कर्ज मागितलेलं नसलं, तर त्या सत्रात त्याच्यामागे कुणीच नसतं.

---

तिकोना

पण मग इंजिनिअरिंगला विरोध का? चांगला पगार मिळतो, घर वर येतं.

---

रिफ्टखोरे

विरोध नाही, त्रैराशिक आहे. शिलिंगाला ६७ पैसे धरले तर चार लाखांचे साधारण सहा लाख शिलिंग. त्यात दोन मुलं पाच वर्षं, किंवा तंत्रसंस्थेतली नऊ-दहा मुलं दरवर्षी.

सरकारी तंत्रसंस्थांना तिकडे सगळे "टीव्हेट" म्हणतात. २०१८ मध्ये त्यांची वार्षिक फी ५६,४२० शिलिंग अशी एकसारखी ठरवली गेली. त्यातले ३०,००० सरकार थेट संस्थेला देई, उरले २६,४२०. तेही भरायला हेल्बचं ४०,००० पर्यंतचं कर्ज मिळे. २०२३ च्या पद्धतीत फीची कमाल मर्यादा ६७,१८९ झाली आणि इथेही शिष्यवृत्ती, कर्ज, घरचा वाटा अशी विभागणी आली. कुठल्याही वर्षीची घ्या, घराकडून जाणारी रक्कम पदवीच्या मानाने लहान आहे. आणि खेड्यातली मुलं नेमकी त्या लहान रकमेपायी घरी बसतात.

कारण ऋतूचं आहे. किटुई कोरडवाहू आहे. तिथलं रोख पीक म्हणजे मूग, तिकडे त्याला एनडेंगू म्हणतात. मुख्य भरवशाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, मूग घरात येतो जानेवारी-फेब्रुवारीत. विद्यापीठ उघडतं ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा कणगीत काही नसतं, शेळी विकायची तर दुष्काळात तिला भाव नसतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. वीस-पंचवीस हजार शिलिंग मार्चमध्ये उभे राहू शकतात, तेच सप्टेंबरात राहत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, फी भरू नका, फट भरा.

---

नाक्यावरचा

"फट भरा" चं टीशर्ट काढा. बाकी +१.

---

पाटीपेन्सिल

फटी कुठे कुठे पडतात ते लिहिते, कारण त्या ठरलेल्या जागा आहेत.

पहिली फट शाळेतच. जुन्या फीची बाकी असली की माध्यमिक शाळा केसीएसईचं प्रमाणपत्र देत नाही. कायद्याने शाळेला असं अडवता येत नाही, तरी कपाटात प्रमाणपत्रांचे गठ्ठे पडून असतात. प्रवेशाला निकालाची स्लिप चालते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दोन वर्षांनी नोकरीच्या वेळी मूळ प्रत मागितली की धावाधाव. निवडलेल्या प्रत्येक मुलाला पहिला प्रश्न हाच: प्रमाणपत्र हातात आहे का? आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा, नाही हललं तर शिक्षण खात्याच्या काउंटी कार्यालयात. तरीही अडलं आणि बाकी थोडी असेल तर ती भरून मोकळं व्हा. तत्त्वाचा प्रश्न करून मुलाचं वर्ष घालवू नका.

दुसरी फट कागदांची. शिष्यवृत्ती-कर्जाच्या पोर्टलवर केसीएसईचा वर्ष आणि इंडेक्स क्रमांक, राष्ट्रीय ओळखपत्र, आईवडिलांची ओळखपत्रं, जामीनदारांचे तपशील आणि मुलाच्या स्वतःच्या नावावर नोंदलेला मोबाइल नंबर लागतो. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला. खेड्यात घरीच मृत्यू होतो, दाखला कुणी काढलेला नसतो, आणि मग अनाथ मूल पोर्टलच्या लेखी अनाथ ठरत नाही. बँड चुकतो. चुकलेल्या बँडवर दाद मागता येते, पण पुन्हा तोच दाखला लागतो.

नावांचा घोळ तर विचारू नका. जन्मदाखल्यावर मुटुआ आधी, परीक्षेच्या यादीत शेवटी, ओळखपत्रावर बाप्तिस्म्याचं तिसरंच नाव. कामबा लोकांत (किटुईतला मुख्य समाज) एका घरात तेच नाव आजोबा-नातवाला असतं, त्यामुळे कारकुनालाही शंका येते. नाव जुळवायला प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणजे वकील, म्हणजे शहरात फेरी. हे सगळं निकाल आणि प्रवेश यांच्यामधल्या महिन्यांत उरकायचं असतं. ती मुदत सुट्टी समजून गेली की सप्टेंबरात बोंब.

तिसरी फट दाखल होण्याच्या दिवसाची. "रिपोर्टिंग डे". प्रवेशपत्राच्या मागच्या पानावर यादी असते आणि देणगीदार फक्त पुढचं पान वाचतो. गादी, ब्लँकेट, बादली, पासपोर्ट फोटो, सरकारी दवाखान्यातून भरून आणलेला वैद्यकीय फॉर्म, सगळ्या कागदांच्या प्रती, कित्येक ठिकाणी छपाईच्या कागदाचं एक रीम. वेल्डिंग किंवा मोटार मेकॅनिकला ओव्हरऑल आणि लोखंडी टोपीचे बूट, केटरिंगला पांढरा कोट. शिवाय मटाटूचं (तिकडची वडाप मिनीबस) भाडं, मुलाचं आणि सोबत येणाऱ्या माणसाचं. हेल्बचे पैसे सत्र सुरू झाल्यावर कित्येक आठवड्यांनी पडतात. तोपर्यंत खोलीचं भाडं आणि पीठ कुठून? बहुतेक गळती या पहिल्या आठवड्यांतच होते, आणि तीसुद्धा गुपचूप. मूल घरी जातं, "पुढच्या इनटेकला (प्रवेशाच्या फेरीला) येईन" म्हणतं.

---

तिकोना

हे वाचून बेत बदलावासा वाटतोय. पाटीपेन्सिल ताई, चौथी फट पण असेल ना?

---

पाटीपेन्सिल

आहे, आणि सगळ्यात महाग तीच. अटॅचमेंट. डिप्लोमा-सर्टिफिकेटला साधारण तीन महिने बाहेर कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा काउंटीच्या खात्यात काम शिकायचं असतं. बहुतेक ठिकाणी पगार नाही. जागा शहरात मिळते, म्हणजे हॉस्टेल सोडून भाड्याची खोली, रोजचा प्रवास. कॉलेज विमा आणि देखरेखीचे पैसे वेगळे घेतं. देणगीदाराच्या मनात मात्र "या टर्मला वर्ग नाहीत, मग पैसे कसले?"

लॉगबुक नावाची वही असते. दर आठवड्याला तिथल्या सुपरवायझरची सही, शेवटी शिक्का, मधे कॉलेजचे शिक्षक येऊन तपासून जातात. वही अपुरी राहिली तर कोर्स पूर्ण धरला जात नाही. दोन वर्षांची फी भरून तीन महिन्यांच्या भाड्यापायी प्रमाणपत्र अडलेलं असतं. अंदाजपत्रकात अटॅचमेंटची वेगळी ओळ घाला आणि ते पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला टाका.

---

ताळेबंद

भारताकडची बाजू मी लिहितो. धागाकर्त्यांनी हा भाग नीट वाचावा, इथे चांगल्या हेतूने घोळ होतात.

परदेशी व्यक्तीला भेट किंवा परदेशी संस्थेला देणगी, दोन्ही रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, बसतं. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, त्यामुळे तुम्हाला तिची चिंता नाही. बँकेत पॅन, ए-टू फॉर्म आणि योग्य पर्पज कोड. वैयक्तिक भेट आणि धर्मादाय संस्थेला देणगी यांचे कोड वेगळे आहेत. कॉलेजला तिऱ्हाईताची फी भरताय हे आधीच सांगा, नाहीतर बँक "विद्यार्थ्याशी नातं काय" विचारून कागद परत करते. टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो, तुमच्या चार लाखांना लागत नाही.

आता खड्डा. सगळ्यांनी एका मित्राच्या खात्यात पैसे टाकायचे आणि त्याने एकदम पाठवायचे, हा सगळ्यांना सुचणारा उपाय. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५० हजारांच्या वर भेट आली तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. त्या मित्राने चार लाखांवर कर का भरावा? "मी फक्त पुढे पाठवले" हे सिद्ध करत बसायची वेळ कुणावर आणू नका.

दुसरा सुचणारा उपाय म्हणजे इथे ट्रस्ट काढणं. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेलं उत्पन्न करमाफीला धरलं जात नाही, त्यासाठी विशेष मंजुरी लागते. आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची सवलत नाही. म्हणजे ट्रस्टचा खटाटोप करून हाती काही नाही.

सोपं असं करा: सहा जणांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून, वर्षातून एकदा प्रत्येकी एक मोठी रक्कम. तारखा वाटून घ्या, एकाने जुलैत, दुसऱ्याने ऑगस्टात. दर महिन्याला पाच-पाच हजार पाठवलेत तर स्विफ्टचा खर्च, मधल्या बँकेची कात्री आणि विनिमय दरातला फरक मिळून बराच भाग वाटेतच संपेल. नैरोबीतल्या चौघांनी मात्र तिथूनच शिलिंगात भरावं, त्यांना हा प्रश्नच नाही.

---

गोदाकाठ

@ताळेबंद, एका खात्यात जमा करण्याचाच विचार होता. वाचलो.

पैसे कुणाला द्यायचे हे राहिलं.

---

रिफ्टखोरे

फीचा पैसा संस्थेलाच. अपवाद नाही. पण "संस्थेला दिला म्हणजे सुरक्षित" हेही खरं नाही.

आधी संस्था खरी आहे का ते बघा. तंत्रसंस्था टीव्हेट प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी, आणि नुसती संस्था नाही तर तो विशिष्ट कोर्स मंजूर हवा. खासगी कॉलेजं एका कोर्सची मंजुरी दाखवून दहा कोर्स चालवतात. विद्यापीठासाठी कमिशन फॉर युनिव्हर्सिटी एज्युकेशनची यादी. परीक्षा कोण घेणार तेही विचारा, केएनईसी (राष्ट्रीय परीक्षा मंडळ) की सीडॅक (तिकडचं टीव्हेटचं मूल्यांकन मंडळ, पुण्यातलं सीडॅक नव्हे). सीडॅकच्या पद्धतीत गुणांऐवजी प्रत्येक घटकाला "काँपिटंट" किंवा "नॉट यट काँपिटंट" असा शेरा मिळतो. दुसरा शेरा आला की तो घटक पुन्हा द्यायचा. मुलाला नापास समजून मदत थांबवू नका, फेरपरीक्षेची सोय करा.

भरणा बहुतेक पेबिलने, म्हणजे मोबाइलवरून संस्थेच्या क्रमांकावर थेट. मोबाइलवर एम-पेसा (तिकडची मोबाइल-पैशांची सेवा) उघडून पेबिल क्रमांक टाकायचा, मग "अकाउंट नंबर" च्या चौकटीत मुलाचा प्रवेश क्रमांक. तिरक्या रेघांसकट, जसाच्या तसा. एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या खात्यावर. ते परत फिरवायला एसएमएसच्या सुरुवातीचा दहा अक्षरांचा व्यवहार कोड घेऊन वित्त कार्यालयात उभं राहावं लागतं, म्हणून तो एसएमएस पुसायचा नाही. एका व्यवहाराची मर्यादा अडीच लाख शिलिंग, म्हणजे फीला पुरून उरते.

पावती म्हणून एसएमएसचा फोटो पुरेसा मानू नका. फोटो कुणीही बनवतो. विद्यार्थी पोर्टलवरचं फी स्टेटमेंट मागा. त्यात तारीखवार जमा-नावे दिसतं: फी लागली, सरकारी हिस्सा आला, हेल्ब आलं, तुमचे आले, बाकी इतकी.

खरी गळती मात्र स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीत असते. सप्टेंबरात तुम्ही पूर्ण फी भरली. नोव्हेंबरात सरकारची शिष्यवृत्ती आणि कर्ज त्याच खात्यावर जमा झालं. खातं जास्तीत गेलं, आणि जास्तीची रक्कम मागण्याचा अर्ज विद्यार्थी करू शकतो. यात फसवणूक असेलच असं नाही, कित्येकदा त्याच पैशांतून धाकट्या बहिणीची फी जाते. पण तुम्हाला कळायला हवं. उपाय दोन: सप्टेंबरात फक्त घरच्या वाट्याएवढंच भरा, आणि वित्त कार्यालयाला पत्र द्या की परतावा झाल्यास पैसे भरणाऱ्याकडे जावा.

---

नाक्यावरचा

म्हणजे जास्त भरलं तर चूक, कमी भरलं तर चूक. वेळेवर आणि तेवढंच. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सला पण हे लागू करा.

---

कडुलिंब

निवडीबद्दल कुणीच लिहिलं नाही.

चीफचं पत्र घ्या पण त्यावर विसंबू नका. चीफ हा सरकारचा गावपातळीवरचा नोकर, आपल्याकडच्या तलाठ्यासारखा म्हणा, अधिकार थोडे वेगळे. प्रत्येक बर्सरीच्या (गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) फॉर्मवर त्याचा शिक्का लागतो, म्हणजे गावातल्या प्रत्येक अर्जावर तो "गरजू" लिहितो. फरक कळत नाही. त्यापेक्षा शाळेच्या फी-नोंदवहीतली मुलाची चार वर्षांची पानं बघा. कधी घरी पाठवलं, कितव्या दिवशी परत आला, बाकी कशी फेडली, यातून घराची अवस्था शिक्क्यापेक्षा स्पष्ट दिसते.

बर्सरीबद्दलही एक. मतदारसंघ निधी, सीडीएफ, २००३ पासून आहे आणि त्यातून, शिवाय काउंटीकडून बर्सरी मिळते. रक्कम लहान, चेक थेट संस्थेच्या नावाने, तारखेचा भरवसा नाही. तुमच्या मदतीची अट असावी की मुलाने या बर्सरीचा अर्ज केलेला असला पाहिजे. मिळो न मिळो. नाहीतर तुमचं नाव ऐकून समिती त्या मुलाला वगळते, "त्याला इंडियन लोक देतात" म्हणून.

गावात समिती करायची असेल तर तिघांपैकी दोन सह्यांचं खातं, त्यात एक बाई चामामधली. चामा म्हणजे आपला बचत गट. या बायकांना कोण खरोखर अडचणीत आहे आणि कोण चर्चच्या हरांबेत (वर्गणी गोळा करण्याच्या सभेत) तीनदा वर्गणी घेऊन गेलाय, दोन्ही माहीत असतं. गटाची नोंदणी २०२२ च्या कम्युनिटी ग्रुप्स कायद्याखाली होते. मोठी संस्था करायची तर २०१३ चा पीबीओ (सार्वजनिक हिताच्या संस्थांचा) कायदा, तो मे २०२४ पासून अमलात आला. तुम्हाला नऊ-दहा मुलांसाठी पहिलं पुरे.

---

तिकोना

मुलांना कर्जाऊ दिलं तर? फेडतील, तोच पैसा पुढच्याला.

---

कडुलिंब

वर ४,४०,००० चा आकडा आहेच. त्यावर आणखी एक सावकार नको. टीव्हेटवाल्यांसाठीही नको, पहिली दोन वर्षं कमाई अनियमित असते. फिरता निधी करायचाच असेल तर अवजारांसाठी करा. वेल्डिंग शिकून आलेल्याकडे मशीन नसतं, शिवणाऱ्याकडे ओव्हरलॉक नसतं. अवजार गटाच्या नावावर, हप्ते फिटले की त्याचं. तेही चामामार्फत, ठाण्यातून वसुली होत नसते.

---

ओसरी

एक वेगळी सूचना. पुण्यात इतके आफ्रिकन विद्यार्थी शिकतात. एखाद्याला इकडेच आणलं तर?

---

पाटीपेन्सिल

आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) आफ्रिका शिष्यवृत्तीतून येत असेल तर जरूर. शिकवणी फी आणि दरमहा विद्यावेतन मिळतं, अर्ज त्यांच्या एटूए पोर्टलवर. तुम्ही फक्त येण्याआधीच्या खर्चाला मदत करा: पासपोर्ट, कागदांच्या प्रमाणित प्रती, नैरोबीच्या फेऱ्या. पिवळ्या तापाची लस भारतात उतरण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी आणि प्रमाणपत्र हातात हवं, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरणात. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओची (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय) नोंदणी.

स्वतःच्या खर्चाने आणणं मात्र या अंदाजपत्रकात बसत नाही. भाडं, व्हिसा, सुट्टीत परत जाणं, आजारपण धरलं तर एका मुलाच्या पुण्यातल्या खर्चात किटुईत किती जण शिकतील ते तुम्हीच काढा. किटुईतच, क्वा व्होंझाला, साउथ ईस्टर्न केनिया युनिव्हर्सिटी आहे. मूग काढायला घरी जाता येतं.

---

ताळेबंद

कुणी रोटरी सुचवण्याआधीच लिहितो: ग्लोबल ग्रँटमधली शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणालाच असते आणि प्रकल्पाचा किमान आकार ३०,००० डॉलर. या कामाला डिस्ट्रिक्ट ग्रँट बघा.

---

गोदाकाठ

दोन दिवस गटात चर्चा करून नवा आराखडा मांडतोय. चुका काढा.

सहा लाख शिलिंग. नऊ विद्यार्थी, सात टीव्हेट आणि दोन पदवी, सगळे बँड एक-दोनमधले. प्रत्येकी ५५,०००: घरचा फीवाटा २५,००० पर्यंत, दाखल होण्याच्या दिवसाचे १०,०००, कर्ज येईपर्यंतच्या राहण्या-खाण्याचे १२,०००, अटॅचमेंटसाठी ८,००० बाजूला. नऊ जणांचे ४,९५,०००. उरले १,०५,०००: प्रमाणपत्रं सोडवणं, प्रतिज्ञापत्रं, फेरपरीक्षा, आणि आजारपण. फी पेबिलने नैरोबीकर भरतील, भारतातले सहा जण आपापल्या नावाने चामाच्या नोंदणीकृत गटाला जुलै-ऑगस्टात. स्टेटमेंट दर सत्राला.

---

पाटीपेन्सिल

अटॅचमेंटचे ८,००० तीन महिन्यांना पुरणार नाहीत. पण पहिल्या वर्षी अटॅचमेंट नसेल तर ते साठवा, दुसऱ्या वर्षी १६,००० होतील, मग जमेल. फक्त साठवलेले पैसे "शिल्लक" म्हणून दहाव्या मुलावर खर्च करू नका. हे हमखास होतं.

आणि सातच्या सात टीव्हेटवाल्यांना सप्टेंबरला घालू नका. तिथे जानेवारी आणि मे इनटेकही असतात. तिघांना जानेवारीत घातलंत तर त्यांची पहिली मोठी रक्कम मुगाच्या हंगामाजवळ येते, घरचे थोडं तरी घालू शकतात.

मुलींसाठी राखीव जागा आकड्यात लिहा. "प्राधान्य" असं लिहिलं की निवड मुलांचीच होते.

---

कडुलिंब

आराखडा ठीक. २०२७ ला केसीएसईची शेवटची परीक्षा आहे, त्यानंतर नव्या अभ्यासक्रमाची मुलं येतील. सी प्लस, सी मायनसवर बेतलेली तुमची पात्रतेची अट तेव्हा पुन्हा लिहावी लागेल. पाच वर्षांचं वचन देताय म्हणून आत्ताच सांगतो.

---

गोदाकाठ

नोंदवलं. मुली नऊपैकी पाच, जानेवारीत तीन. पहिली रक्कम जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघेल.

---

रिफ्टखोरे

जुलै उशीर होईल. ज्यांना सप्टेंबरात घालणार त्यांची ओळखपत्रं आणि स्वतःच्या नावाची सिमकार्डं एप्रिलमध्येच व्हायला हवीत, कारण पोर्टलवर ओटीपी त्याच नंबरवर येतो. मुलं मामाच्या सिमवर अर्ज भरतात, मामा मोंबासाला ट्रकवर असतो आणि अर्ज तिथेच लटकतो. नैरोबीकरांनी माणशी हजार-दीड हजार शिलिंग एप्रिलमध्ये चामाकडे द्यावेत, निबंधक कार्यालयापर्यंतच्या मटाटूच्या भाड्याला आणि सायबर कॅफेला. भारतातली रक्कम मागाहून आली तरी चालेल.